वाचकांचे प्रश्न : किल्ल्यावरची शाळा

गेल्या अंकात या सदरात ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सिंधिया स्कूलचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर ग्वाल्हेरच्या लष्कर व मुरार या भागांतून आणि इंदूरहून आलेली बहुतेक पत्रे त्याच शाळेविषयीची निघाली. प्रश्न इतके नेमके आणि आपुलकीने विचारलेले आहेत की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझा नातू यंदा किल्ल्यावरच्या शाळेत दाखल झाला. तो सुट्टीत घरी आला की शेजारीपाजारी त्याला ‘मानसिंगाच्या राजवाड्यात राहणारा मुलगा’ म्हणतात. त्यालाही ते खरे वाटू लागले आहे. शाळा खरोखरच जुन्या राजवाड्यात भरते का? (एक आजी, लष्कर)

उत्तर : नाही, आणि त्याला ते आत्ताच सांगावे, कारण खरी हकीकत राजवाड्याच्या गोष्टीहून अधिक ऐकण्यासारखी आहे. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६ ते १५१६) याने बांधलेला मानमंदिर राजवाडा किल्ल्याच्या पूर्वेकडच्या कड्यावर उभा आहे. निळ्या-पिवळ्या फरशांची नक्षी आणि बदकांची रांग ज्याच्या भिंतीवर दिसते तोच हा वाडा. त्यात कोणी राहत नाही. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. शाळेचे आवार त्याच पठारावर, परंतु वेगळे आहे, आणि त्यातील जुन्या इमारतींचे मूळ तोमरांकडे नव्हे, तर इंग्रजांच्या फौजेकडे जाते.

१८५८ च्या जून महिन्यात राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांनी ग्वाल्हेर घेतले, राणीला वीरमरण आले आणि पाठोपाठ २० जूनला इंग्रजांनी किल्ला परत घेतला. त्यानंतर तो त्यांनी शिंद्यांच्या स्वाधीन केला नाही. पुढची सुमारे २८ वर्षे किल्ल्यावर गोऱ्या पलटणी राहिल्या. १८८६ मध्ये झाशी इंग्रजांना देऊन किल्ला आणि मुरारची छावणी जयाजीराव महाराजांना परत मिळाली, आणि त्याच वर्षी महाराजांचे निधन झाले. फौज गेली, बराकी मागे राहिल्या. आपला नातू ज्या इमारतींमधून वावरतो त्यांची कुळकथा येथून सुरू होते.

बराक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोंदट चाळ उभी राहते, म्हणून थोडे अधिक लिहितो. १८५७ नंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी इंग्लंडमध्ये एक शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला आणि त्यात असे दिसून आले की येथे दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला सुमारे ६९ जण मरत होते. हे मृत्यू प्रामुख्याने लढाईत नव्हे, तर पटकी, हगवण आणि ताप यांनी होत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या कामात फार मोठा वाटा उचलला होता. त्या अहवालानंतर देशभरच्या छावण्यांमध्ये बराकी बांधण्याची रीत बदलली : जमिनीपासून उंच जोते, जाड भिंती, पुष्कळ उंचावरचे छत, छताजवळ गरम हवा बाहेर जाण्यासाठी झरोके, समोरासमोर दारे-खिडक्या आणि चारही बाजूंनी खोल पडवी. ऊन भिंतीला लागूच नये आणि वारा आरपार जावा, एवढाच त्यामागचा विचार होता. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या गावात त्या विचाराचे मोल सांगायला नको. सैनिकांची पलंगांची रांग ज्या लांब दालनात बसत असे त्यात विद्यार्थ्यांच्या पलंगांचीही रांग बसते, हा योगायोग शाळेच्या पथ्यावर पडला.

नातवाला एक गोष्ट दाखवायला सांगावी. त्याच पठारावर आठव्या शतकातील ‘तेली का मंदिर’ आहे, सुमारे ३० मीटर उंच. पलटणींच्या काळात त्या देवळाचा वापर सोडावॉटरच्या कारखान्यासारख्या कामांसाठी झाला होता, आणि १८८१ ते १८८३ या काळात मेजर कीथ या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याची डागडुजी झाली. देवळाचे हे हाल आणि बराकींचे बांधकाम या एकाच कालखंडातील घटना आहेत. हे समजले की मुलाला किल्ल्यातील थर आपोआप वेगळे दिसू लागतात : देऊळ प्रतिहारांच्या काळाचे, वाडा तोमरांचा, बराक इंग्रजांची आणि शाळा शिंद्यांची.

प्रश्न : आमच्या घरातील वडीलधारे या शाळेला कायम ‘सरदार स्कूल’ म्हणत. ती वेगळी शाळा होती का? आणि ती फक्त मराठ्यांसाठी होती, हे खरे का? (दौलतगंज)

उत्तर : शाळा तीच. माधवराव महाराज (१८७६ ते १९२५) यांना १८९४ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले आणि तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, त्यांनी ‘सरदार स्कूल’ सुरू केले. तेव्हा ते स्वतः जेमतेम एकवीस वर्षांचे होते. सुरुवातीला शाळा किल्ल्यावर नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती वर नेण्यात आली.

शाळा कोणासाठी होती हे नावातच आहे. शितोळे, आंग्रे, फाळके अशी ग्वाल्हेर दरबारातील मानकरी घराणी पिढ्यान्‌पिढ्या जहागिरीवर जगत आलेली होती. तलवारीचे दिवस सरले होते आणि राज्याला आता हिशेब समजणारी, कायदा वाचणारी, कचेरीत बसून काम उरकणारी माणसे हवी होती. सरदारांची मुले वाड्यात खुशमस्कऱ्यांच्या घोळक्यात वाढण्यापेक्षा ठरलेल्या वेळी उठणारी, एकत्र जेवणारी आणि परीक्षेला बसणारी व्हावीत, हा त्या काळातील साऱ्याच संस्थानी शाळांमागचा हेतू येथेही होता. प्रवेशाची अट दरबारातील दर्जाची होती. मराठा सरदार दरबारात पुष्कळ असल्यामुळे शाळेत मराठी मुले पुष्कळ असत, हे मात्र खरे.

१९३३ मध्ये दरवाजा सर्वांसाठी उघडण्यात आला. शाळा अखिल भारतीय पातळीवरची निवासी पब्लिक स्कूल झाली आणि तिचे नाव ‘सिंधिया स्कूल’ ठेवण्यात आले. थिऑसॉफिकल विचारांचे एफ. जी. पियर्स हे त्या दशकात मुख्याध्यापक होते. माझ्या मते या शाळेच्या इतिहासात १८९७ एवढेच १९३३ हे वर्षही महत्त्वाचे आहे. जन्मावर मिळणारी जागा त्या वर्षापासून मुलाला शिकून मिळवता येऊ लागली. पुढे रेडिओवरील ज्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा झाला ते अमीन सयानी आणि परराष्ट्रमंत्रिपद भूषविलेले नटवरसिंह हे दोघेही या शाळेचे विद्यार्थी.

आपल्या घरातील वडीलधारे ‘सरदार स्कूल’ म्हणत, यावरून त्यांच्या आठवणीचा काळ बहुधा १९३३ च्या आधीचा असावा, किंवा त्यांनी तो शब्द त्यांच्या वडिलांकडून उचललेला असावा.

प्रश्न : माझा भाचा ‘कानेरखेड’ हाउसमध्ये होता, आता ‘जयाप्पा’ हाउसमध्ये गेला आहे. मी त्याला ही नावे कोणाची म्हणून विचारले तर त्याला जयाप्पा म्हणजे कोणी राजा एवढेच ठाऊक होते. कानेरखेड हे तर माणसाचे नाव वाटत नाही. कृपया या सर्व नावांचा खुलासा करावा. (मुरार, याच आशयाची आणखी चार पत्रे)

उत्तर : या पत्राने मला मनापासून आनंद झाला. या शाळेतील हाउसची, म्हणजे मुले ज्यांत विभागून राहतात त्या घरांची, नावे म्हणजे शिंदे घराण्याचा सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मुलांच्या जिभेवर रोज असतो. क्रिकेटच्या मैदानावर ‘जयाप्पा’ आणि ‘दौलत’ यांच्या नावाने आरोळ्या उठतात. त्या नावांमागची माणसे मुलांना कोणीतरी सांगायला हवीत, आणि ते काम मामा, आजोबा, आत्या अशा माणसांनी केले तर फार उत्तम.

कानेरखेड माणूस नाहीच, ते गाव आहे. साताऱ्याजवळ कोरेगाव तालुक्यात कण्हेरखेड आहे. तेथील पाटील घराणे ते हे शिंदे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, मूळ गावापासून हजारभर किलोमीटरवर, धाकट्या मुलांच्या एका घराला त्या खेड्याचे नाव द्यावे ही कल्पना मला सर्वांत हृद्य वाटते. सर्वांत लहान मुले वंशाच्या मुळापाशी राहतात.

धाकट्या मुलांच्या इतर हाउसमध्ये नेमाजी (शाळेत ‘निमाजी’), दत्ताजी आणि जनकोजी ही नावे येतात. नेमाजी शिंदे हे औरंगजेब हयात असतानाचे सेनानी. १७०३ मध्ये नर्मदा ओलांडून ते माळव्यात सिरोंजपर्यंत धडकले होते. मराठी फौजेला उत्तरेचा रस्ता दाखविणाऱ्यांपैकी ते एक. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर पडले. जखमी अवस्थेत ‘क्यों पाटील, और लडोगे?’ असे विचारल्यावर ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ असे उत्तर त्यांनी दिल्याचे परंपरेने सांगितले जाते. मराठी शाळांतून वाढलेल्या कोणाला ही हकीकत सांगावी लागत नाही, परंतु जो मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाहून येऊन दत्ताजी हाउसमध्ये राहतो त्याला ती सांगावी लागते. जनकोजी हे जयाप्पांचे पुत्र, म्हणजे दत्ताजींचे पुतणे. बुराडीला ते काकांच्या बरोबरीने लढत होते आणि जखमी झाले होते. वर्षभराने पानिपतावर ते शत्रूच्या हाती सापडले आणि मारले गेले. तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. येथे एक घोटाळा नेहमी होतो तो टाळावा : १८२७ ते १८४३ या काळात ग्वाल्हेरच्या गादीवर असलेले जनकोजीराव हे निराळे, ते दत्तक आले होते.

मोठ्या मुलांच्या हाउसमध्ये राणोजी, जयाप्पा, महादजी, दौलत, जयाजी, माधव आणि जिवाजी ही शिंदे घराण्यातील नावे आहेत. राणोजी हे थोरल्या बाजीरावांचे विश्वासू सरदार. माळव्यात शिंद्यांचा पाया त्यांनी घातला, उज्जैन हे त्यांचे ठाणे होते आणि १७४५ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या भाच्याचे जयाप्पा हे राणोजींचे थोरले पुत्र. मारवाडच्या विजयसिंहाला त्यांनी नागोरच्या किल्ल्यात कोंडले होते. १७५५ मध्ये तेथील छावणीत, वाटाघाटींच्या निमित्ताने आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांचा घात केला. जयाप्पा, दत्ताजी, जनकोजी : सहा वर्षांत या एका घरातील तिघे गेले. भाच्याला हे एवढे एकच वाक्य सांगितले तरी हाउसच्या ढालीवरील नाव त्याला निराळे वाटेल.

महादजींविषयी निराळे लिहिण्याची गरज नाही. पानिपतावर पायाला कायमची जखम घेऊन ते वाचले आणि पुढे दिल्लीच्या बादशहाचे पालक झाले. मात्र ज्या किल्ल्यावर त्यांच्या नावाचे हाउस आहे त्या किल्ल्याशी त्यांचा संबंध सहसा सांगितला जात नाही. १७८० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉपहॅम याने रात्री शिड्या लावून हा किल्ला महादजींच्या शिबंदीकडून घेतला आणि तो गोहदच्या राण्याकडे गेला. १७८३ मध्ये महादजींनी तो पुन्हा जिंकला. दौलतरावांनी १८१० मध्ये आपली छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची आणली आणि त्या लष्करी तळाचेच ‘लष्कर’ हे शहर झाले, हे आपण लष्करवासी जाणतोच. जयाजीरावांनी किल्ला परत मिळविला, माधवरावांनी शाळा काढली, आणि जिवाजीराव हे त्यांचे पुत्र, ज्यांच्या कारकिर्दीत सरदार स्कूलचे सिंधिया स्कूल झाले.

शिवाजी हाउसचे नाव मी मुद्दाम शेवटी ठेवले. या यादीत शिंदे नसलेले हे एकच नाव, आणि ते तेथे का आहे हे मराठी माणसाला विचारावे लागत नाही.

प्रश्न : घराणे ‘शिंदे’ असताना शाळा ‘सिंधिया’ का? आम्ही मराठीत काय लिहावे? (बाडा)

उत्तर : उत्तरेकडील बोलींत आणि फारसी कागदपत्रांत ‘शिंदे’ याचे ‘सिंधिया’, ‘सेंधिया’ असे उच्चार रूढ झाले, इंग्रजांनी तेच उचलले, आणि दरबारानेही इंग्रजी व्यवहारात ते स्वीकारले. घराण्याविषयी लिहिताना मराठीत ‘शिंदे’ लिहावे. शाळेचे नाव हे विशेषनाम असल्यामुळे ‘सिंधिया स्कूल’ असेच लिहावे. या सदरात हाच नियम पाळला आहे.

प्रश्न : आमच्या इंदूरचे डेली कॉलेजही संस्थानी मुलांसाठीच निघाले होते. त्याची इमारत मात्र किती देखणी! ग्वाल्हेरच्या शाळेला अशी स्वतःची वास्तू का नसावी? (इंदूर)

उत्तर : दोन्ही शाळांचे जन्म निराळ्या हेतूंनी झाले. राजकोटचे राजकुमार कॉलेज, अजमेरचे मेयो कॉलेज आणि आपले डेली कॉलेज या संस्था इंग्रज राजकीय अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने निघाल्या. डेली कॉलेजला ज्यांचे नाव दिले ते सर हेन्री डेली मध्य हिंदुस्थानचे एजंट होते. उद्याचे राजे इंग्रजी राज्याशी जुळवून घेणारे व्हावेत, हे तेथे उघडच अपेक्षित होते, आणि अशा संस्थेची इमारतही पाहणाऱ्याच्या मनावर ठसावी अशी बांधली जाई. सध्याच्या मुख्य इमारतीचा आराखडा जयपूरच्या अल्बर्ट हॉलमुळे प्रसिद्ध असलेल्या स्विंटन जेकब यांचा. तिचे उद्घाटन १९१२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते झाले. छत्र्या, कमानी आणि पाण्यासारखी नितळ सममिती यांमुळे ती खरोखरच नजर खिळवून ठेवते.

सरदार स्कूल हे एका महाराजांनी स्वतःच्या सरदारांच्या मुलांसाठी काढलेले होते. जागा हाताशी होती आणि तीही अशी की कोणत्याही वास्तुशास्त्रज्ञाला नव्याने निर्माण करता आली नसती : शहरापासून सुमारे ३०० फूट उंच, पावणेदोन मैल लांब असा वालुकाश्माचा सुटा डोंगर, वर सूरजकुंड, मानसरोवर, जौहर ताल यांसारखी तळी. शाळेने राजवाडा बांधला नाही, सैनिकांचे घर घेऊन ते मुलांचे केले. देखणेपणात इंदूरची सरशी मी आनंदाने मान्य करतो. परंतु साधी, कामापुरती बांधलेली इमारत शंभराहून अधिक वर्षे मुलांना सावली देत राहते, यातही एक सौंदर्य आहे असे मला वाटते.

प्रश्न : ‘अस्ताचल’ म्हणजे काय? माझ्या मुलाच्या प्रत्येक फोनमध्ये हा शब्द येतो. तो प्रार्थनेचा तास आहे का, आणि कोणत्या धर्माची प्रार्थना होते? (लष्कर)

उत्तर : संस्कृत काव्यात सूर्य ज्या पर्वतामागून उगवतो तो उदयाचल आणि ज्याच्या मागे मावळतो तो अस्ताचल. मराठीतही ‘अस्ताचलाला जाणे’ हा शब्दप्रयोग जुना आहे. या शाळेत मात्र हे एका जागेचे आणि एका वेळेचे नाव झाले आहे. किल्ल्याच्या पश्चिम कड्यावर, जेथून मावळता सूर्य पूर्ण दिसतो, तेथे मुले सायंकाळी जमतात आणि सूर्य बुडेपर्यंत शांत बसतात. कधी एखादे भजन, कधी एखादा विचार, परंतु मुख्य गोष्ट ती शांतता. कोणत्याही एका धर्माचा तो विधी नाही.

आपल्या घरांतून दिवेलागणीला ‘शुभं करोति’ म्हणण्याची रीत होती. खेळ थांबवायचा, हातपाय धुवायचे आणि देवापुढे बसायचे. त्यातील शब्दांइतकेच महत्त्व त्या थांबण्याला होते. घरापासून दूर राहणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला सर्वांत अधिक घराची आठवण येते ती याच वेळी, खेळ संपल्यावर आणि अभ्यास सुरू होण्याआधी. त्या वेळेला एकट्याने पलंगावर बसण्याऐवजी शेकडो मुलांसमवेत, एकाच दिशेला तोंड करून, काहीही न बोलता बसता येणे, हा मुलाच्या मनाला केवढा आधार असेल याचा विचार करावा. ही परंपरा चालविण्यास पैसा लागत नाही आणि सभागृहही लागत नाही. एक कडा, पश्चिम दिशा आणि रोज न चुकता जाण्याची शिस्त एवढ्यावर ती उभी आहे. आपल्या मुलाच्या प्रत्येक फोनमध्ये हा शब्द येतो, यात मला नवल वाटत नाही. पुढच्या वेळी त्याला त्या दिवशी काय मिळाले, काय शिकवले असे न विचारता आकाशाचा रंग कसा होता एवढेच विचारावे.

शाळेचा दुसरा मोठा दिवस संस्थापक दिन. तो ऑक्टोबरमध्ये, माधवराव महाराजांच्या जयंतीच्या सुमारास येतो. २०२३ मध्ये शाळेचा १२५ वा संस्थापक दिन पंतप्रधानांच्या उपस्थितीत साजरा झाला.

प्रश्न : अशी सोय मुलींसाठी आहे का? (मुरार)

उत्तर : किल्ल्यावरील शाळा केवळ मुलांची आहे. मुलींसाठी राजमाता विजयाराजे शिंदे यांनी १९५६ मध्ये सिंधिया कन्या विद्यालय स्थापन केले. तेही निवासी असून ग्वाल्हेर शहरातच आहे.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून पाहुणे येणार आहेत. त्यांना किल्ला दाखविताना शाळाही दाखविता येईल का? (दौलतगंज)

उत्तर : ती मुलांच्या राहण्याची जागा आहे, पर्यटनस्थळ नव्हे. परवानगीशिवाय आवारात जाऊ नये. परंतु शाळेच्या मुलांचा किल्ला कसा आहे, हे पाहुण्यांना जरूर दाखविता येईल. मोटार उरवाई दरवाज्याच्या रस्त्याने वर नेतात. त्या खिंडीच्या दोन्ही बाजूंना पंधराव्या शतकातील तीर्थंकरांच्या मूर्ती कड्यात कोरलेल्या आहेत, त्यांतील सर्वांत मोठी सुमारे ५७ फूट उंच आहे. तेथे गाडी थांबवावी.

परत येताना, पायांत बळ असलेल्यांना पूर्वेच्या जुन्या वाटेने पायी उतरवावे. त्या वाटेवर एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुज मंदिर आहे. विष्णूच्या त्या लहानशा देवळात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. देवळाला दिलेल्या फुलबागेची लांबी २७० हात व रुंदी १८७ हात असल्याचे आणि रोज ५० हार देण्याची व्यवस्था केल्याचे त्यात नोंदले आहे. २७० आणि ५० या आकड्यांतील शून्य वर्तुळाकार कोरलेले स्पष्ट दिसते. शून्याच्या चिन्हाचे हे फार जुने आणि निःसंशय कालनिश्चिती असलेले उदाहरण आहे. ज्या डोंगरावर माळ्याच्या हिशेबातील शून्य अकराशे वर्षांपूर्वी दगडावर कोरले गेले त्याच डोंगरावर आज मुले गणित शिकतात, आणि पाहुण्यांबरोबर लहान मुले असतील तर त्यांना बोट ठेवून ते शून्य दाखविता येईल.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत एक मोठा सामूहिक फोटो सापडला. तीस-चाळीस मुले पायऱ्यांवर बसली आहेत, काहींच्या डोक्यावर पगड्या आहेत. आजोबा सरदार स्कूलचे विद्यार्थी होते. फोटोचा काळ कसा ओळखावा, आणि तो टिकवावा कसा? पुठ्ठा कुजू लागला आहे. (शिंद्यांची छावणी)

उत्तर : प्रथम पुठ्ठ्याच्या चारही कडा आणि मागील बाजू भिंगाने पाहावी. फोटो काढणाऱ्या स्टुडिओचे नाव बहुधा तेथे उठावाने छापलेले असते आणि पुष्कळदा शाळेचे नाव व वर्षही असते. ‘सरदार स्कूल’ असे लिहिलेले असेल तर फोटो १८९७ ते १९३३ या काळातील आहे. ‘सिंधिया स्कूल’ असेल तर त्यानंतरचा. वर्ष नसेल तर पार्श्वभूमी पाहावी. उंच जोते, खांबांची खोल पडवी आणि तिच्यामागे लांबच लांब एकसारखी दारे दिसत असतील तर ती किल्ल्यावरील बराक असण्याचा संभव अधिक, म्हणजे शाळा वर गेल्यानंतरचा काळ. होडीच्या आकाराची शिंदेशाही पगडी कोणाच्या डोक्यावर आहे आणि साधा फेटा किंवा टोपी कोणाच्या, हेही नोंदवावे. आजोबांच्या जन्मवर्षाशी त्यांच्या चेहऱ्याचे वय ताडून पाहिले की अंदाज चार-पाच वर्षांच्या टप्प्यात येतो.

टिकविण्याविषयी : लॅमिनेशन अजिबात करू नये, कारण नंतर ते सोडविता येत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. कुजणारा पुठ्ठा स्वतः सोलून काढण्याचा मोह टाळावा, फोटोचा पातळ कागद त्याच्याबरोबर निघून येतो. ते काम जाणकारांकडून करून घ्यावे. पेटीत डांबराच्या गोळ्या असतील तर त्या आधी काढाव्यात. फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडवा, घराच्या आतल्या भिंतीशी असलेल्या कपाटात ठेवावा. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत उन्हाळ्यात तो भाजतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. शक्य तितक्या लवकर स्कॅन करून घ्यावा, दर इंचाला किमान ६०० ठिपक्यांच्या दर्जाचा.

यापेक्षा तातडीचे काम निराळे आहे. स्कॅनची मोठी छापील प्रत काढून तिच्यावर पारदर्शक बटर पेपर ठेवावा, प्रत्येक चेहऱ्यावर क्रमांक घालावा आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून जेवढी नावे, आडनावे, टोपणनावे मिळतील तेवढी क्रमांकानुसार एका वहीत लिहावीत. मूळ फोटोच्या मागे लिहावयाचे असेल तर मऊ पेन्सिलीनेच लिहावे, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. लष्करातील जुन्या वाड्यांतून असे फोटो अजून पुष्कळ असतील, आणि त्यांतील चेहऱ्यांना ओळखणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. म्हणून फोटो दुरुस्तीला नंतर न्यावा, वही याच आठवड्यात सुरू करावी. नावे लिहून झाल्यावर स्कॅनची एक प्रत या सदराकडे पाठवावी, मूळ फोटो टपालाने पाठवू नये.